शेते वस्तीखाली गेली की ओढ्याचे काय होते? परवानगीआधी पाणलोट मोजावा का?

धागाकर्ता: शहराच्या वेशीवर शेतजमीन बांधकामाखाली जाते तेव्हा परवानगी एकेका भूखंडाची तपासली जाते, ओढ्याला मात्र सगळ्या भूखंडांचे पाणी एकदमच पोटात घ्यावे लागते. म्हणून पाणलोटातील किती जमीन छपरे, डांबर आणि काँक्रीटखाली जाऊ द्यायची, याची मर्यादा आधी ठरवावी असे माझे मत आहे. एक हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होते. नांगरलेल्या रानात त्यातले बरेचसे ढेकळांत आणि बांधाआड थबकून मुरते; फरसबंदीवरून तेच पाणी काही मिनिटांत नाल्यात उतरते. टणक पृष्ठभाग आणि बंदिस्त गटारे वाढली की पुराचा शिखरप्रवाह कसा चढतो, हे अमेरिकी जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी १९६८ मध्येच मांडले होते.

प्रतिसाद १: मर्यादेला माझा विरोध आहे, कारण तुलनाच चुकीची आहे. शेत म्हणजे अरण्य नव्हे; बागायतीसाठी होणारा भूजलाचा उपसा वस्तीच्या गरजेहून अधिक असू शकतो आणि वस्ती आली की तो थांबतो. लंडनमध्ये कारखान्यांचा उपसा घटल्यावर १९६० च्या दशकानंतर खोल भूजल इतके वर आले की भुयारे आणि पाये यांची चिंता सुरू झाली. बाहेरून आणलेले पाणी गळक्या वाहिन्यांतून मुरते, ते वेगळेच. झाडे तोडली की पाणी आटते, हेही सरसकट खरे नाही: ९४ पाणलोट प्रयोगांच्या १९८२ मधील आढाव्यात वृक्षाच्छादन घटल्यावर वार्षिक प्रवाह वाढल्याचेच दिसले.

धागाकर्ता: त्या आढाव्यातली बेरीज वर्षाची आहे, आणि वाद वर्षाच्या बेरजेचा नाहीच. पावसाळ्यात दुप्पट वाहून उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा वार्षिक हिशेबात श्रीमंतच दिसेल! तोडलेल्या जागी माती मोकळी राहिली तर गोष्ट निराळी. इथे ती यंत्रांखाली दाबली जाते आणि वर काँक्रीट चढते. उपसा थांबतो हे गृहीतकही नळाचे पाणी वेळेवर पोहोचले तरच टिकते. शहराच्या कडेला वस्ती आधी येते, जलवाहिनी मागाहून, आणि मधल्या काळात प्रत्येक इमारत आपली कूपनलिका खोदते. गळतीने होणाऱ्या पुनर्भरणात मैलावाहिन्यांचीही गळती असते आणि तिच्यासोबत नायट्रेट विहिरीत उतरते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

प्रतिसाद २: मला दोघांचेही अर्धवट पटते. टक्केवारीची मर्यादा घातली की बांधकाम शेजारच्या पाणलोटात सरकते, तिथे रस्ते अधिक लांब होतात आणि डांबर उलट वाढते. त्यापेक्षा दाट वस्ती एका बाजूला होऊ द्यावी आणि ओढ्याचा काठ व पाणी मुरणारे उतार मोकळे ठेवावेत.

धागाकर्ता: हे मान्य, पण मुरणारे उतार कोणते हे विहिरींची पातळी वर्षभर नोंदवल्याशिवाय कळणार नाही, ते मोजमाप परवानगीच्या आधी व्हावे, एवढा आग्रह मी सोडणार नाही.