कर्जाचा पूर्वेतिहास नसताना पहिले क्रेडिट कार्ड कसे मिळवावे?

प्रश्न : मी नाशिकमध्ये नुकतीच नोकरीला लागले आहे. आजवर कर्ज न घेतल्यामुळे सिबिलच्या (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवून पत ठरवणारा गुणांक देणाऱ्या कंपनीच्या) अहवालात माझा गुणांकच नाही आणि एका बँकेने त्याच कारणावरून माझा अर्ज नाकारला. आता काय करावे?

उत्तर १ : गुणांक नसणे म्हणजे गुणांक वाईट असणे नव्हे, म्हणून खचून जाऊ नका, मात्र लगोलग इतर बँकांकडे अर्ज करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड तुमच्यासाठी सर्वांत योग्य ठरेल. त्याची खर्चमर्यादा बहुधा ठेवीपेक्षा थोडी कमी असते, ठेवीवर व्याज मिळत राहते आणि तुमच्या परतफेडीची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जात असल्याने काही महिन्यांत गुणांक तयार होतो.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. ती ठेव मध्येच मोडता येते का?

उत्तर १ : कार्ड चालू असेपर्यंत ती बँकेकडे तारण राहते, अडीअडचणीसाठी राखलेले पैसे तिच्यात गुंतवू नयेत.

उत्तर २ : एक कळकळीची विनंती करतो. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ भरल्याने दंड टळतो, पण व्याज टळत नाही. दरमहा ३ टक्के दर धरला तरी वर्षाला तो ३६ टक्के होतो आणि थकबाकी असताना नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळते होईल अशी सूचना पहिल्याच दिवशी बँकेला द्या.