जुन्या कॉलेजांची नावं कायम ठेवून विद्यापीठ एक होतं का?

खडूवाला : २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही मुंबईतली चार सरकारी कॉलेजं मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. पण पोरांना विचारा कुठे शिकता, उत्तर येतं, 'एल्फिन्स्टनला'. माझं मत रोखठोक आहे : एकत्र यायचं तर जुन्या संस्था मोडायलाच हव्यात. इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठाने २००४ मध्ये तेच केलं. व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी आणि युमिस्ट (तिथलीच विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था) दोन्ही बरखास्त, सनद नवी. कोणी कोणाला गिळलं म्हणायला जागाच नाही. प्रमुख ॲलन गिल्बर्ट आणले ते थेट मेलबर्नहून. ना या गोटातले, ना त्या. आपल्याकडे चौघांतल्या एकाला 'लीड कॉलेज' म्हटलं की बाकी तिघांच्या स्टाफरूममध्ये तोंडं वाकडी झालीच समजा.

माजी सिडनहॅमकर : मँचेस्टरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २००७ पर्यंत तिथे सुमारे ३ कोटी पौंडांची तूट आली आणि ४०० च्या आसपास पदं कमी करायची वेळ आली. आणि नावं काय रिकामी असतात? सिडनहॅम १९१३ चं. बाबासाहेब तिथे प्राध्यापक होते, बीए झाले ते एल्फिन्स्टनमधून. ते एल्फिन्स्टन तर मुंबई विद्यापीठाहूनही जुनं. कालपरवाच्या पाटीखाली हे सगळं झाकायचं?

खडूवाला : तूट नावं पुसल्यामुळे आली नव्हती. आणि ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पदार्थावरच्या संशोधनाचं २०१० चं नोबेल त्याच नव्या विद्यापीठाकडे गेलं, ते विसरलात?

माजी सिडनहॅमकर : ते नोबेल मिळवणारे आंद्रे गाइम २००१ पासूनच मँचेस्टरला होते. पोरगं आधीच्या घरचं, बारसं तुमचं!

निवृत्त सरकारी मास्तर : नावावरून काय भांडताय? सरकारी कॉलेजातला प्राध्यापक एमपीएससीतून येतो, बदलीची ऑर्डर उच्च शिक्षण विभाग काढतो. उद्या कोल्हापूरच्या राजारामला जावं लागेल या हिशेबाने नोकरी करणारा माणूस कुलगुरूंच्या स्वप्नात कशाला जीव ओतेल? माणसं कुलगुरूंची की विभागाची, हे आधी ठरवा. मी दोन संस्था एकत्र येताना जवळून पाहिल्यात (नावं विचारू नका). पहिलं भांडण मस्टर कोणत्या इमारतीत ठेवायचं यावर. जुन्या प्राचार्यांचा हुद्दा गेला, पण केबिन काही सुटेना. नवे संचालक कितीतरी दिवस ग्रंथालयात टेबल टाकून सह्या करत होते. शिपायांना मात्र पक्कं ठाऊक होतं, चहा आधी कुठे न्यायचा.

खडूवाला : म्हणजे माझंच म्हणणं झालं की. केबिन उरली की माणूसही उरतो.

माजी सिडनहॅमकर : नाही, अधिकार न देता माणूस बसवला की असं होतं. गिल्बर्टना तिथे अधिकार होते, म्हणून बाहेरचे असूनही चाललं. आपल्याकडे बाहेरचा आणला तर पहिलं वर्ष फाइल कोणत्या टेबलावर अडली हे शोधण्यातच जाईल. नावं राहू द्या, वर्ग एक करा. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मुलीला पलीकडे एल्फिन्स्टनमध्ये जाऊन इतिहासाचा पेपर घेता आला तरी पुष्कळ झालं. क्रेडिट पद्धतीत ते बसतं.

निवृत्त सरकारी मास्तर : बसतं हो. पण चार कॉलेजांचं टाइमटेबल जुळवायला चार प्राचार्यांना एका टेबलाशी बोलवावं लागेल. ते कोणाच्या सहीने येतील, तेवढं सांगा.