तक्त्यावर चिकटवलेला कागद

ओसरी: लेकीला सातवीत मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) आहे. शाळेतून पालकांच्या संमतीची चिठ्ठी आली, म्हणून मीही वीसेक वर्षांनी पुन्हा वाचली. १९३३ सालचं मिसिसिपी, नऊ वर्षांची केसी लोगन आणि तिचे तीन भाऊ. सहा वर्षांच्या लिटल मॅनला शाळेच्या पहिल्या दिवशी क्रमिक पुस्तक मिळतं. पुस्तक कोणत्या वर्षी कोणाला दिलं याच्या आतल्या तक्त्यात अकरा ओळी गोऱ्या मुलांच्या. बाराव्या ओळीत, पुस्तकाची स्थिती 'अगदी खराब' झाल्यावर, काळ्या मुलाची पाळी. पोरगं पुस्तक आपटून पायाखाली तुडवतं आणि छड्या खातं. तेव्हाही इथे अडखळले होते, आताही.

पण माणसांना जाळणं, केसीच्या भावाचा मित्र टी.जे. याला फाशी द्यायला निघालेला जमाव, शिवाय काळ्यांना शिवी म्हणून वापरला जाणारा 'तो' शब्द. बारा वर्षांच्या मुलीला हे सगळं आत्ताच? शिक्षिका असलेली केसीची आईसुद्धा तक्त्यावर कागद चिकटवतेच की. आपण तो शब्द झाकला तर काय बिघडलं?

खडूस: बाई, आईने कागद चिकटवला तो पोराने तक्ता वाचून झाल्यावर, आणि दुसऱ्या शिक्षिकेच्या देखत. तिला वाचन थांबवायचं नव्हतं, अपमान मान्य नाही हे दाखवायचं होतं. पुढे शाळा मंडळावरचा गोरा जमीनदार ग्रेंजर वर्गात येतो तेव्हा ती गुलामगिरीबद्दल पुस्तकात नसलेलं शिकवत असते. नोकरी जाते ती त्यापायी, आणि हे चिकटवलेले कागदही तिच्याविरुद्ध काढले जातात. तुमचा डिंक ग्रेंजरच्या कामाचा आहे.

ओसरी: ग्रेंजर काय! मी बंदी नाही मागत हो. वय विचारतेय.

खडूस: लिटल मॅनचं वय सहा.

सातबारा: शब्दावरच किती वेळ घालवणार? माझा आक्षेप निराळाच. लोगन ताठ उभे राहतात कारण चारशे एकर नावावर आहेत. निम्मी जमीन आजोबांनी १८८७ मध्ये घेतली, निम्मी १९१८ मध्ये. दुसरीचं कर्ज फिटायचंय म्हणून बाप लुइझियानात रेल्वेवर राबतो, हे कबूल. पण माणसं जाळणाऱ्या वॉलेस कुटुंबाच्या दुकानावरच्या बहिष्कारातून बहुतेक कुळं माघार घेतात, कारण जमीनमालक धमकावतात. त्यांचं घर आपल्याला आतून दिसतच नाही. बरं, आईची नोकरी घालवणारी चुगली कोण करतो? टी.जे., कुळाचाच पोरगा! लेखिकेने हे सोयीचं केलंय.

ओसरी: सोयीचं? त्याच टी.जे.ला जमावापासून वाचवायला केसीचा बाप स्वतःच्या कापसाला आग लावतो. तेव्हा कुठे गोरे-काळे सगळे ती विझवायला धावतात. लोगनांचा पाव हिस्सा कापूस जातो त्यात.

सातबारा: आणि टी.जे. तरीही सुटत नाही.

ओसरी: नाहीच सुटत. म्हणून तर केसी रडते, त्याच्यासाठी आणि जमिनीसाठी, दोन्हींसाठी. तुमचा मुद्दा तिला कळलेला असावा.

तिरफळ: वाचनमात्र होते, राहवलं नाही. माझ्या मुलाने ही शाळेत वाचली. 'तो' शब्द त्याला आधीच माहीत होता, बसमध्ये ऐकून. विचारलं ते भलतंच: बाराव्या ओळीनंतर ते पुस्तक कुठे गेलं असेल?

ओसरी: चिठ्ठीवर सही केली. सातबारा, जमिनीचं अजून पटलेलं नाही, रात्री सविस्तर लिहिते.