हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

पाटीपेन्सिल: काल मुलीला नऊ एक्क्यांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग करून दाखवला. आला १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, आणि त्या ८१ ने संख्येला निःशेष भाग जातो. अशीला हर्षद संख्या म्हणतात असं सांगितलं, तर म्हणते, "हर्षद आमच्या वर्गात आहे. संख्या ती, मग हर्षदा का नाही?" मी गप्प. ८१ हा मूळ अवयव आहे एवढं मात्र ठोकून दिलं.

शेषशून्य: नाव दिलं देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी. घडण संस्कृत: हर्ष देणारा तो हर्षद, सुखद, वरद तसंच. संस्कृतात संख्येसाठी हर्षदाच झालं असतं. मराठीत मात्र आपण सुखद आठवण, दुःखद बातमी म्हणतो, तिथे कुणी काना लावत नाही. तेव्हा हर्षद संख्याच. परदेशात यांनाच निव्हन संख्या म्हणतात, इव्हान निव्हन यांच्या १९७७ च्या व्याख्यानामुळे. मला आपलंच नाव आवडतं.

आणि ८१ हा विभाजक, मूळ अवयव नव्हे. मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. पैकी ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा. त्यावरून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्या असल्यामुळे विषम.

फलाट५: मग 'जलद'ही त्याच माळेतला?

शेषशून्य: ढग या अर्थी असेल तर हो, जल देणारा. इंडिकेटरवरचा जलद निराळा, तो फारसी 'जल्द'.

फलाट५: इंडिकेटरवरून आठवलं, ही संख्या डेम्लोसुद्धा आहे. १, १२१, १२३२१ ही ती पंगत. डेम्लो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आताची डोंबिवली. कापरेकरांना या संख्या तिथे सुचल्या म्हणून हे नाव. याची फोड करायला संस्कृत नको, तिकीट पुरे! पण डेम्लो म्हणजे हर्षद असं नाही हं. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, भागाकार १३६९.

पाटीपेन्सिल: मूळ अवयवाची चूक मान्य, घरी दुरुस्त केली. आता ही वाचायची कशी? कोटीच्या पुढे माझी गाडी अडते.

शेषशून्य: भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या स्थानांनी वाचा. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, मग अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस.

पाटीपेन्सिल: वाचून दाखवलं. आता विचारते, सुरुवातीलाच मध्य आणि लगेच अंत्य कसं?