मदत हवी आहे: बोगद्याच्या माथ्याशी रेड बोल लागलाय

नमस्कार मंडळी. सह्याद्रीत एका छोट्या बोगद्यावर मी साइट इंजिनिअर आहे. सुरुवातीचे 140 मीटर घट्ट बेसॉल्टमधून झपाट्याने झाले. आता बेसॉल्टच्या दोन थरांमधला रेड बोल, म्हणजे तांबडा मातकट थर, नेमका माथ्याशी (छताशी) आलाय. कोरडा असेपर्यंत टणक, पण पाणी लागलं की फुगतो, सुटतो, आणि वरचा बेसॉल्ट सांध्यांवरून लादीसारखा निखळतो.

आरएमआर (खडकाच्या दर्जाचे 100 पैकी गुण) 28, म्हणजे चौथा, कमकुवत खडकाचा वर्ग. तक्त्याप्रमाणे आधी वरचा अर्धा भाग, एका वेळी 1 ते 1.5 मीटर, आणि खोदकामाबरोबरच शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट). तेच करतोय. तरी मंगळवारी खोदकामाच्या तोंडापासून आठ मीटर मागे शॉटक्रीटला तडा गेला, त्यातून ओल दिसतेय. काम थांबवलंय.

फोरपोलिंगचे (खोदण्याआधी छताला आधार म्हणून पुढे ठोकायचे) पाइप बोल ओलांडून वरच्या बेसॉल्टमध्ये न्यावेत, की बोलमध्येच ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण भरून पक्के) करावेत? निचऱ्याची भोकं आधी मारली तर बारीक माती वाहून पोकळी होईल का? 2020 च्या पावसाळ्यात पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात भिंत ढासळली, ते सारखं आठवतंय. एका पाळीत आत अकरा माणसं असतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये असा थर पार केलेल्यांनी कृपया सांगा.