विषय: आजी-आजोबांसकट सगळ्यांना खेळता येईल असा व्हिडिओ गेम

प्रेषक: अनघा, बॉथेल

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत माझे सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. तेव्हा इथे सिएटलजवळ साडेचारला अंधार आणि दिवसभर पावसाची पिरपिर, त्यामुळे बागेत नेणं फारसं जमणार नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सहा. दोघांत मिळून एक निन्टेंडो स्विच (गेम खेळायचं यंत्र) घ्यायचं ठरवलंय. पण पोरं टीव्हीसमोर आणि आजी-आजोबा मागे नुसते बघत बसलेत, असं व्हायला नको. सगळ्यांना मिळून खेळता येतील असे गेम कोणते?

दुसरं म्हणजे मुलीनं रोब्लॉक्स आणि फोर्टनाइट या ऑनलाइन गेमांचा हट्ट धरलाय. वर्गात सगळे खेळतात आणि ते फुकट आहेत, हे तिचं म्हणणं. त्याचं काय करावं?

अनघा


प्रेषक: मिलिंद, रेडमंड

अनघा,

मी बरीच वर्षं गेम टेस्टिंगचं काम केलंय, घरी मुलंही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेम घेताना आपण डब्यावरचं वय बघतो. ते बघायचंच. पण त्याच्याही आधी बघ, की घरातल्या सगळ्यात नवख्या माणसासाठी त्या गेममध्ये काय सोय आहे. लहानपणी अंगणात धाकट्याला कच्चं लिंबू म्हणून खेळायला घेत असू, तशी सोय असेल तरच तो गेम चार वयांच्या माणसांनी एकत्र खेळण्यासारखा.

मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये ती फार विचारपूर्वक केलेली आहे. शर्यतीआधी प्रत्येकाला आपापल्यापुरतं स्मार्ट स्टीअरिंग आणि आपोआप वेग घेण्याची सोय चालू करता येते. चालू केलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. मग गाडी आपली आपण पळते आणि कडेवरून खाली पडत नाही. सासूबाईंनी नुसतं डावं-उजवं केलं आणि मिळालेलं केळं मागे टाकलं, तरी त्या शर्यतीत टिकून राहतात. तुझी मुलगी त्याच शर्यतीत हे सगळं बंद ठेवून वळणावळणावर गाडी घसरवत नेऊ शकते. शिवाय मागे पडलेल्याला दमदार वस्तू मिळतात. बुलेट बिल मिळालं तर ते शेवटच्या माणसाला उचलून चांगलं पुढे नेऊन सोडतं. पहिल्या नंबरवाल्याच्या वाट्याला मात्र बहुतेक नाणी आणि केळीच येतात. त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत कोण जिंकणार ते सांगता येत नाही. सुरुवात ५० सीसीपासून, म्हणजे सगळ्यात कमी वेगापासून करा.

स्विच घेताना एक सांभाळ. स्विच लाइट टीव्हीला जोडता येत नाही, ते घेऊ नकोस. साध्या स्विचसोबतच्या जॉय-कॉनच्या (छोट्या कंट्रोलरच्या) जोडीतला एकेक आडवा धरून दोघं खेळू शकतात, चौघांना आणखी एक जोडी लागते. आडवा जॉय-कॉन सहा वर्षांच्या हाताला छान बसतो. सांधे दुखणाऱ्या बोटांना मात्र तो फार बारीक पडतो. आजी-आजोबांसाठी एक मोठा प्रो कंट्रोलर घेतलास तर पैसे वाया जाणार नाहीत.

दुसरा गेम सुपर मारिओ ब्रदर्स वंडर, २०२३ चा. त्यात तुझ्या मुलाला योशी किंवा नॅबिट हे पात्र घ्यायला सांग, शत्रूचा धक्का लागला तरी त्यांना काही होत नाही. खड्ड्यात पडलं तर जीव जातोच, पण भूत होऊन तरंगत ताईला जाऊन शिवलं की परत खेळात. ओव्हरकुक्ड २ मध्ये सगळ्यांनी एका स्वयंपाकघरात कापायचं, शिजवायचं, वाढायचं, ताटल्या विसळायच्या, आणि घड्याळ पुढे पळत असतं. घरात आरडाओरडा होतो, तो चांगल्यापैकी. लहान मूल असेल तर ऑल यू कॅन ईट ही आवृत्ती घे, तिच्यात वेळ वाढवून घेता येतो.

इट टेक्स टू हे नाव तुझ्या कानावर येईल. फार सुंदर गेम आहे आणि दोघांशिवाय खेळताच येत नाही. पण गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-बापांची आहे आणि त्यात खेळण्यातल्या हत्तिणीचा एक प्रसंग मोठ्यांनाही जड जातो. अमेरिकेत त्याला ‘टी’ रेटिंग आहे, म्हणजे तेरा आणि पुढे. मुलगी मोठी झाली की तुम्ही दोघी मिळून खेळा, धाकट्याला समोर बसवू नका. तेव्हाच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजीही घे. २०२० साली आलेला, भावाला शोधत निघालेल्या मुलीचा गेम. कथा सावल्यांच्या बाहुल्यांमधून उलगडत जाते. लढाया आहेत, म्हणून आत्ता नको.

आता फुकटाचं. इथली ईएसआरबी ही संस्था १९९४ पासून गेमना वयाचं रेटिंग देते. आपण मोठं अक्षर वाचतो आणि थांबतो. त्याच्या खालची बारीक ओळ वाच. गेममध्ये खरेदी आहे का, त्या खरेदीत काय निघेल ते नशिबावर आहे का, आणि अनोळखी माणसांशी बोलता येतं का, हे तिथे लिहिलेलं असतं. अनोळखी माणूस तिथे काय बोलेल, हे त्या रेटिंगमध्ये धरलेलंच नसतं.

गेम फुकट असेल तर कंपनीचं घर कशावर चालतं, हे मुलीला विचार. अकरा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं, आणि कळल्यावर ती रागावते कंपनीवर, तुझ्यावर नाही. फोर्टनाइट काढणाऱ्या एपिक गेम्सनं डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी) ५२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याचा दंड होता आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे. कमिशनचा आरोप होता, की बटणांची रचनाच अशी की झोपलेला गेम जागा करताना बटण दाबलं तरी खरेदी होऊन जाई. म्हणून मी साठ डॉलर एकदाच घेणारा गेम स्वस्त मानतो. पैसे मिळाल्यावर त्याला मुलाच्या मागे लागायचं कारण उरत नाही.

फोर्टनाइटलाही ‘टी’च आहे, तेव्हा अकराव्या वर्षी नको म्हणायला अवघडू नकोस. रोब्लॉक्स हा मुळात एक गेम नाही. लोकांनी बनवलेल्या असंख्य गेमांचा तो बाजार आहे, त्यामुळे ‘रोब्लॉक्स चांगलं की वाईट’ याला उत्तरच नाही. द्यायचंच झालं तर खरं वय घालून खातं उघड, आपलं खातं पालक म्हणून जोड (ही सोय नोव्हेंबर २०२४ पासून आहे), चॅट बंद ठेव, कार्ड जोडू नकोस. आणि टीव्ही असतो त्याच खोलीत, दार उघडं.

मिलिंद


प्रेषक: शिरीषकाका, केंट

सप्रेम नमस्कार.

अनघा, मी आजोबांच्या बाजूने लिहितो. मिलिंदने सांगितलेली मोटारींची शर्यत मी नातवंडांबरोबर खेळून पाहिली. टीव्हीचे चार तुकडे होतात, प्रत्येकात वेगळी गाडी पळते. मला गरगरते. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांचे तसे होईल. तेव्हा दोघांनीच खेळावे, म्हणजे पडदा दोनच भागांत विभागला जातो, आणि ज्याला त्रास होतो त्याने बाजूला बसून पाहण्यात कमीपणा मानू नये.

मला मानवला तो स्विच स्पोर्ट्समधला बोलिंगचा खेळ. आळीपाळीने खेळायचे, घाई नाही, बटणांची गर्दी नाही, हात मागे नेऊन पुढे आणायचा. खुर्चीत बसूनही जमते. २००६ साली निन्टेंडोचे वी हे गेमचे यंत्र आले तेव्हा इथल्या ज्येष्ठांच्या निवासांत ह्याच बोलिंगच्या स्पर्धा भरत असत. पट्टा मनगटात घट्ट अडकवायला मात्र प्रत्येक वेळी सांगावे, नाहीतर कंट्रोलर थेट टीव्हीत जातो.

आणखी एक विनंती. आम्हाला मुलांनी शिकवावे, तुम्ही नव्हे. तुम्ही ‘बाबा, ते बटण नाही हो’ म्हणता तेव्हा आम्ही कंट्रोलर खाली ठेवतो. नातू तेच दहा वेळा सांगतो, आणि त्याला त्याचा कंटाळा येत नाही.

कॅरम बोर्ड आमच्याकडे आहे, सुट्टीभर घेऊन जावा.

शिरीषकाका


प्रेषक: वैशाली, सॅमॅमिश

अनघा,

काका म्हणाले ते अगदी खरं आहे. मला त्याला जोडून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेमबद्दल सांगायचंय, कारण त्यात आजोबांना कंट्रोलर हातात घ्यावाच लागत नाही.

दिवाळीचा मातीचा किल्ला इथल्या पावसात दोन दिवसांत बसतो. म्हणून मुलानं यंदा माइनक्राफ्टमध्ये क्रिएटिव्ह मोडवर (त्यात हवं ते सामान हवं तेवढं मिळतं) रायगड करायला घेतला. माझे वडील तेव्हा इथेच होते. त्यानं तटाच्या मधोमध, समोरून स्वच्छ दिसेल असा मोठा दरवाजा ठेवला होता. बाबा म्हणाले, ‘महादरवाजा असा नसतो रे, तो दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो. खालून चढून येणाऱ्याला दार दिसताच कामा नये. तोफेचा गोळा सरळ लागू नये आणि हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये.’ मुलानं तट पाडला. एक बुरुज पुढे काढला, दुसरा वळवून त्याच्यासमोर आणला आणि मग गेममध्ये डोंगराच्या पायथ्याशी जाऊन शत्रूसारखा चालत वर आला. एका वळणावरून दाराची कमान अजून दिसत होती. परत वर, पुढच्या बुरुजाला आणखी दगड. तेव्हा कुठे दोघांचं समाधान झालं. पुढे हिरकणी बुरुज कुठे, टकमक टोक कुठल्या बाजूला, जगदीश्वराचं देऊळ बाजारपेठेपासून किती लांब, यावर रोज संध्याकाळी खल. बाबा कागदावर नकाशा काढायचे आणि तो बांधायचा. धाकटीला पीसफुल मोड लावून वेगळं जग दिलं, त्यात झोंबी येतच नाहीत, तिथे ती गायी पाळते.

इथे माइनक्राफ्टला दहा वर्षांच्या पुढचं रेटिंग आहे, तरी शेजारी बसलात तर तुझ्या सहा वर्षांच्या मुलालाही हरकत नाही असं माझं मत. फक्त सर्व्हरचा, म्हणजे इंटरनेटवर अनोळखी लोकांबरोबर खेळायचा भाग बंद ठेव, घरच्या घरी एकाच टीव्हीवर पडदा विभागून खेळता येतं. आत माइनकॉइन्सचं (खऱ्या पैशांनी घ्यायच्या गेममधल्या नाण्यांचं) दुकान आहे, तेव्हा खरेदीला कुलूप लाव.

निन्टेंडोचं पालकांसाठीचं ॲप फोनवर घे. त्यात रोजची वेळ ठरवता येते, पण वेळ संपल्यावर आपोआप नुसता इशारा येतो, खेळ थांबत नाही. थांबवायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. मी तो बंदच ठेवलाय. शर्यतीच्या मध्ये पडदा काळा झाला की घरात जे होतं, त्यापेक्षा ‘ही शेवटची’ म्हणून मुलांनी स्वतः थांबणं मला बरं वाटतं.

वैशाली


प्रेषक: अनघा, बॉथेल

सगळ्यांचे मनापासून आभार. मारिओ कार्ट, स्विच स्पोर्ट्स आणि माइनक्राफ्ट एवढंच सुरुवातीला घेते. काका, कॅरम बोर्ड न्यायला शनिवारी येते. फोर्टनाइटला मुलीला नाही सांगितलं आणि कारणही सांगितलं. रोब्लॉक्सचं जानेवारीत बघू, असं आमचं ठरलंय. नणंदही तिच्या रांगत्या बाळाला घेऊन येणार आहे. गेमची ती चिमुकली कार्ट्रिजं (स्विचमध्ये घालायची कार्डं) बाळाच्या तोंडात गेली तर? की सगळे गेम डाउनलोडच करू?


प्रेषक: मिलिंद, रेडमंड

अनघा, स्विचच्या कार्ट्रिजवर मुद्दाम जहाल कडू लेप दिलेला असतो, मूल तोंडात घालताच थुंकून टाकतं. तरी डबा उंचावर ठेव. पण डाउनलोडपेक्षा मी कार्ट्रिजच घेईन, ती दुसऱ्याला देता येतात, विकता येतात. इथली बरीच सार्वजनिक वाचनालयंही गेम उसने देतात, ओव्हरकुक्ड तिथे मिळतो का बघ. स्विच २ (स्विचचं पुढचं यंत्र) चे गेम कुणी घेत असेल तर डब्याच्या पुढच्या बाजूला ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का ते वाचा. तसं कार्ड उसनं देता येतं, पण आत गेम नसतो, तो प्रत्येकानं डाउनलोड करायचा.

सासू-सासरे परत गेल्यावरचाही विचार करून ठेव. नवी मुंबईतल्या कंपनीचा लुडो किंग साध्या फोनवर चालतो, खासगी खोली उघडून सातारा-बॉथेल डाव होतो. जाहिराती येतात तेवढ्या सोसाव्या लागतील.


प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, या चर्चेवरून एक कल्पना पुढे आली आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला सभागृहाच्या मागच्या खोलीत गेम अदलाबदलीचं टेबल ठेवूया. खेळून झालेली कार्ट्रिजं डब्यासकट आणावीत, डब्यावर आपलं नाव आणि मुलांच्या वयाबद्दल आपलं मत चिठ्ठीवर लिहावं. तिथल्या प्रोजेक्टरवर बोलिंग लावायचं आहे, त्यासाठी जॉय-कॉनच्या दोन जोड्या आणि मनगटी पट्टे हवेत. कोण आणू शकेल ते इथेच कळवा. शिरीषकाका, ज्येष्ठांच्या फेऱ्या तुमच्याकडे सोपवल्या तर चालेल ना?