७२ तासांचा नियम आणि मोजमाप

एक सूचना अशी आहे की रुग्णाच्या शिरेत सलाइन-औषधासाठी बसवलेली कॅन्युला (बारीक नळी) दर ७२ तासांनी बदलायचा नियम सोडावा आणि आधीच्या-नंतरच्या महिन्यातले फ्लेबायटिसचे (शिरेचा दाह) आकडे ताडून पाहावेत. नियम सोडायला पुरावा भक्कम आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ३,२८३ रुग्ण होते, ठरलेल्या दिवशी बदललेल्यांत आणि गरजेनुसार बदललेल्यांत फ्लेबायटिस सारखाच, ७ टक्के.

घोळ होतो तो मोजण्यात. कॅन्युला जास्त दिवस राहिली की प्रति कॅन्युला केसेस वाढल्यासारख्या दिसतात, म्हणून दर १,००० कॅन्युला-दिवसांमागचा दरही काढा. व्याख्या एकच ठेवा: व्हीआयपी स्कोअर (जागा बघून फ्लेबायटिसला द्यायचे गुण) २, म्हणजे दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन लक्षणं. तेवढ्यावर कॅन्युला काढायचीच. सुरुवातीला दोन सिस्टरनी कॅन्युलाच्या त्याच वीसेक जागा एकमेकींचं न बघता तपासाव्यात आणि काप्पा (दोघींची मतं योगायोगापलीकडे किती जुळतात याचं माप) काढावा. लाली सावळ्या त्वचेवर चटकन कळत नाही, तिथेच मतं फुटतात. हात लावून उष्णता आणि शिरेचा कडकपणा बघा. काढल्यावरही ४८ तास जागा पाहा, त्रास कधीकधी नंतर उमटतो.

शिवाय एकेक महिन्याची तुलना फारच तोकडी. मधे नवा स्टाफ आला किंवा ड्रेसिंग बदललं तर फरक कशाचा हे सांगता येत नाही. आधीचे-नंतरचे निदान सहा-सहा महिने घ्या, रन चार्ट (काळानुसार आकड्यांचा आलेख) काढा.

आणि हो, इमर्जन्सीत घाईत, निर्जंतुक काळजी न घेता टोचलेली कॅन्युला या गरजेनुसार बदलण्याच्या पद्धतीत धरू नका. ती ४८ तासांच्या आत बदलायचीच.